पगार जनतेचा, नेमणूक घरच्यांची

महाराष्ट्रातल्या खासगी अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार संस्था देत नाही, राज्य सरकार देतं. शालार्थ प्रणालीतून तो थेट त्याच्या बँक खात्यात जमा होतो. हा पैसा तुमच्या-माझ्या करातून येतो. असं असूनही त्या जागेवर कोण बसणार, दहावीचा वर्ग कोण घेणार आणि उद्या मुख्याध्यापक कोण होणार, हे कितीतरी ठिकाणी संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी ठरतं. जागा सार्वजनिक पैशाची असेल तर तिच्यावर पुतण्याचा, सुनेचा किंवा मेहुण्याचा हक्क कुठून आला? हा प्रश्न मला नोकरीत असताना छळत होता आणि निवृत्तीनंतरही तो सुटत नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे एका संस्थेचं गाऱ्हाणं नाही. शिक्षक संघटनेच्या कामानिमित्त मी जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळा पाहिल्या आणि अनेक ठिकाणी चित्र तेच होतं, आडनावं तेवढी वेगळी. आमच्या मस्टरवर अध्यक्षांचा पुतण्या होता, सचिवांची सून होती, एका संचालकांचा मेहुणा होता, आणि प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलेला मुलगा अध्यक्षांच्या ड्रायव्हरचा होता. यातले सगळेच नालायक होते असं मी म्हणणार नाही. पण यातल्या एकाचीही निवड चार अनोळखी उमेदवारांशी स्पर्धा करून झालेली नव्हती, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

वशिल्याची चर्चा आपल्याकडे भरतीपाशी सुरू होते आणि भरतीपाशीच संपते. कुणी किती दिले, कुणाची चिठ्ठी होती, एवढ्यावर बोलून लोक मोकळे होतात. खरा त्रास नेमणुकीनंतर सुरू होतो आणि तो रोजचा असतो. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात वेळापत्रक लागतं. त्या एका कागदावर शाळेतलं सगळं राजकारण वाचता येतं. दहावी ‘अ’ कुणाला, नववी ‘ड’ कुणाला, मधल्या सुट्टीनंतरचे तास कुणाच्या वाट्याला, वर्गशिक्षकपद कुणाला आणि त्यातून सूट कुणाला, हे पाहिलं की कोण कुणाचा आहे ते नव्या शिक्षकालाही कळून चुकतं.

अध्यक्षांचा पुतण्या भूगोल शिकवायचा, म्हणजे वेळापत्रकात त्याचं नाव भूगोलापुढे असायचं. त्याचे तास दुसरेच घेत. आमच्या स्टाफरूममध्ये बदली तासांची एक लांबोळी वही असायची. रजेवरील शिक्षक, वर्ग, तासिका, बदली शिक्षक आणि सही असे तिचे रकाने. रजा असेल तर रजेचा अर्ज असतो आणि रजा खर्ची पडते. या पुतण्याच्या नावापुढे मात्र ‘रजा’ हा शब्द कधी यायचाच नाही, ‘संस्थेच्या कामासाठी’ एवढंच लिहिलेलं असायचं. संस्थेचं कोणतं काम, कुणी सोपवलं, किती दिवसांचं, याचा कागद कुठेच नसे. शनिवारी सकाळच्या शाळेला तो यायचा आणि मस्टरवर आठवड्याच्या सह्या करून जायचा. मुख्याध्यापक त्या वेळी खिडकीबाहेर बघत बसायचे, कारण त्यांची स्वतःची नेमणूकही त्याच घराच्या मर्जीवर झालेली होती.

त्याचे तास बुडायचे ते प्रामुख्याने नववी ‘ड’चे. त्या वर्गात बहुतेक मुलं वाड्यावस्त्यांवरून एसटीने येणारी. कुणाचे आईवडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे, कुणाचे ऊसतोडीला गेलेले. ‘अ’ तुकडीतल्या पालकांनी चार दिवस तास झाला नाही की मुख्याध्यापकांना गाठलं असतं. ‘ड’ तुकडीचे पालक शाळेच्या फाटकाच्या आत येतानाही बिचकत. दुसऱ्या सत्रातले भूगोलाचे धडे त्या मुलांनी गाईडमधून पाठ केले. संस्थेच्या घरातल्या माणसाला सांभाळून घेतलं जातं तेव्हा त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं, आणि आमच्या शाळेत ती सर्वांत गरीब मुलांनी मोजली.

बाकीच्या कामांतही तोच न्याय. निवडणुकीच्या कामासाठी तहसील कार्यालय शाळेकडून शिक्षकांची यादी मागवतं. ती यादी शाळेतूनच जाते, त्यामुळे काही नावं तिच्यात कधीच नसत. मतदार यादीचं घरोघर फिरण्याचं काम, जनगणना, शालेय पोषण आहाराचा हिशेब, स्कॉलरशिपचे जादा तास, सहलीची जबाबदारी हे सगळं ठरलेल्या माणसांच्या डोक्यावर. जो काम करतो त्याला आणखी काम आणि जो करत नाही त्याला सूट, ही रीत एकदा पडली की उमेदीने आलेला तरुण शिक्षकही दोन-तीन वर्षांत हातचं राखून काम करायला शिकतो. मी हे डोळ्यांदेखत घडताना पाहिलं आहे. चांगला शिक्षक नोकरी सोडून जात नाही, तो वर्गातच हळूहळू विझतो.

या सगळ्यात सचिवांच्या सुनेचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. ती विज्ञान शिकवायची आणि उत्तम शिकवायची. प्रयोगशाळेतली कपाटं वर्षानुवर्षं कुलपात होती, ती तिने उघडली. आठवीच्या मुलांच्या हातात परीक्षानळ्या दिल्या. खुल्या स्पर्धेत उतरली असती तरी तिची निवड झाली असती असं मी खात्रीने सांगते. तरीही तिची पाठ वळली की स्टाफरूममध्ये “घरची शाळा आहे, करेल नाहीतर काय” हे वाक्य ठरलेलं. तिच्या वर्गाचा निकाल चांगला लागला की तुकडीच चांगली मिळाली होती म्हणायचे. एका गुणी बाईचं श्रेय त्या वशिल्याने कायमचं हिरावून घेतलं. खुली निवड लायक नातेवाइकालाही मान मिळवून देते. बंद दाराआडची निवड त्यालाही डाग लावते.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम 1977 चा आहे आणि त्याखालची नियमावली 1981 ची. मुख्याध्यापकाच्या जागेवर अर्हता आणि समाधानकारक सेवा असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षक नेमावा, असं नियम सांगतो. ज्येष्ठता यादी कशी करायची हेही ठरवून दिलं आहे. डावलून कनिष्ठाला बढती दिली तर ज्येष्ठ शिक्षकाला तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. कागदावर हे संरक्षण चांगलंच भक्कम आहे.

व्यवहारात काय होतं ते सांगते. आमच्याकडे मुख्याध्यापकपद रिकामं झालं तेव्हा सर्वांत ज्येष्ठ असलेल्या सरांना अध्यक्षांनी बंगल्यावर बोलावलं. त्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. परत आले तेव्हा त्यांनी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ पद नको असल्याचं लेखी दिलेलं होतं. सरांची प्रकृती ठणठणीत होती. पण पेन्शनचा प्रस्ताव शाळेतूनच जातो, सेवापुस्तिका शाळेच्याच कपाटात असते, आणि त्यातल्या एखाद्या नोंदीवर सही राहिली की निवृत्त माणूस शिक्षणाधिकारी कार्यालयात खेटे घालत राहतो. हे त्यांना कुणी उघड सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. ते न्यायाधिकरणाकडे गेले नाहीत. कायद्याने दिलेल्या तीस दिवसांचा उपयोग त्यालाच, ज्याचं पुढचं आयुष्य त्याच कार्यालयाच्या सहीवर अवलंबून नाही.

तक्रारीची प्रत्येक वाट अशीच घरात येऊन संपते. महिला कर्मचाऱ्यांसाठी 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती सक्तीची केली. पण ती नेमायची मालकाने. अध्यक्ष काका, मुख्याध्यापक त्यांच्या मर्जीतले आणि समितीत घरचीच सून असेल, तर एखादी शिक्षिका किंवा सेविका अध्यक्षांच्या पुतण्याविरुद्ध तोंड कसं उघडणार? वशिला म्हणजे फक्त एका नोकरीचा अन्याय, असं समजणाऱ्यांनी याचा विचार करावा. एका घरातली चार माणसं एका कार्यालयात आली की तिथली देखरेख, चौकशी आणि शिस्त ही तिन्ही कामं थांबतात.

आता भरतीकडे येते. 2017 च्या आधी अनुदानित शाळेतली नेमणूक संस्थेच्या हातात होती. जाहिरात देणं बंधनकारक होतं, म्हणून ती दिली जायची, पण गावात ज्याचा एक अंकही येत नाही अशा एखाद्या वर्तमानपत्रात. माझा एक विद्यार्थी गणित घेऊन बी.एस्सी. झाला, बी.एड. केलं, शिक्षक पात्रता परीक्षाही पास झाला. संस्थांच्या मुलाखतींना तो टापटीप फाईल घेऊन जायचा. आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न यायचा, “कुणाकडून आलात?” त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. वडील गवंडीकाम करणारे, ते कुणाचं नाव सांगणार? एका ठिकाणी त्याला पाठ घ्यायलाही सांगितलं नाही. ज्या मुलीची नेमणूक झाली ती आदल्या आठवड्यापासूनच शाळेत येऊन बसत होती. हा मुलगा आज शहरात खासगी क्लासमध्ये शिकवतो. तिथे त्याच्या वर्गाला गर्दी असते. त्याच्या गावच्या शाळेला गणिताचा असा शिक्षक मिळाला असता, तो मिळाला नाही.

ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली आणि बोगस पटाचं पितळ उघडं पडलं. 2 मे 2012 च्या शासन निर्णयाने शिक्षक भरतीवर बंदी आली. पण बंदीनंतरही नेमणुका होत राहिल्या, त्यांना मान्यता मिळत राहिल्या आणि त्यांच्या चौकशा पुढे वर्षानुवर्षं चालल्या. जून 2017 मध्ये शासनाने शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टल आणलं आणि त्या वर्षाअखेरीस शिक्षक अभियोग्यता चाचणी घेतली. उमेदवाराचे गुण, त्याचा पसंतीक्रम आणि रिक्त जागा एका ठिकाणी आल्या. पवित्र पोर्टलमुळे खेड्यापाड्यातल्या, कुणाचीही ओळख नसलेल्या हजारो मुलामुलींना नोकरी मिळाली. या सुधारणेचं मी मनापासून स्वागत केलं आणि आजही करते.

मात्र खासगी संस्थांच्या जागांसाठी पोर्टलवर मुलाखतीसह निवडीचा पर्याय ठेवला गेला. गुणवत्तेने वर आलेले काही उमेदवार संस्थेकडे पाठवायचे आणि त्यांतला एक संस्थेने निवडायचा. म्हणजे चाळणी सरकारची, पण शेवटची मूठ संस्थेची. त्याशिवाय आणखी एक वाट होती. घरच्या माणसाला आधी संस्थेच्याच विनाअनुदानित तुकडीवर घ्यायचं आणि जागा रिकामी झाली की अनुदानितवर बदली करायची. अशा बदल्यांना शासनाने 2022 च्या अखेरीस स्थगिती दिली आणि प्रकरणं न्यायालयात गेली. विनाअनुदानितवर खरोखर झिजलेले, तुटपुंज्या मानधनावर राबलेले शिक्षकही या बदल्यांची वाट पाहत होते. त्यांचं नुकसान झालं ते या वाटेवरून घरची माणसं आत घुसवणाऱ्यांमुळेच.

पैसे घेऊन केलेल्या भ्रष्टाचारावर निदान गुन्हा दाखल होतो. शिक्षक पात्रता परीक्षेतला गुणबदलीचा घोटाळा 2021 मध्ये पुणे पोलिसांनी उघड केला आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. 2025 मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, अधिकाऱ्यांना अटक झाली. ही कारवाई योग्यच आहे. पण एकही रुपया न घेता पुतण्याला चिकटवलं तर ना गुन्हा, ना चौकशी, ना बातमी. दाराबाहेर उभ्या असलेल्या गवंड्याच्या मुलाला त्याने काय फरक पडतो? त्याची जागा पैशाने गेली काय नि नात्याने गेली काय, गेलीच.

संस्थाचालकांची बाजू मी ऐकली आहे. जमीन आमची, इमारत आम्ही उभी केली, वेतनेतर अनुदान अपुरं आणि तेही वेळेवर येत नाही, शाळेचं छत गळलं तर आम्हालाच धावावं लागतं, मग विश्वासाची माणसं आम्ही का घेऊ नयेत, असं ते म्हणतात. वेतनेतर अनुदानाची त्यांची तक्रार खरी आहे आणि सरकारने ती दूर केलीच पाहिजे. पण छत दुरुस्त करण्याचा मोबदला म्हणून शिक्षकाची जागा घरात घेता येत नाही. खर्च शाळेसाठी केला असेल तर त्याचा मान मोठा आहे, आणि गावाने तो दिलाही आहे. नोकऱ्या वाटण्यासाठी केला असेल तर तो व्यवहार झाला.

ज्या राज्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, त्या राज्यात शिक्षणसंस्था ही घराण्याची मालमत्ता मानली जावी, याचं मला मनस्वी दुःख होतं. त्या पिढीने घरातलं शाळेत नेलं. आज कितीतरी ठिकाणी शाळेतलं घरात येतं आहे.

स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या कंपन्यांनाही या बाबतीत मोकळीक नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 188 नुसार संचालकाच्या नातेवाइकाला कंपनीत लाभाचं पद द्यायचं तर संचालक मंडळाची मंजुरी लागते आणि ठरावीक रकमेपलीकडे भागधारकांचीही. सरकारी नोकरांसाठी 1979 च्या वर्तणूक नियमांत जवळच्या नातेवाइकांच्या नोकरीबद्दल स्वतंत्र तरतूद आहे. मग शंभर टक्के पगार सरकारी तिजोरीतून घेणाऱ्या शाळेने निदान नातं जाहीर तरी करायला नको का?

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली, ज्या जागेचा पगार सरकार देतं ती जागा केवळ चाचणीच्या गुणांवर आणि पसंतीक्रमावर भरावी. मुलाखतीचा आग्रह धरणाऱ्या संस्थेने त्या जागेचा पगार स्वतः द्यावा. अल्पसंख्याक संस्थांना संविधानाने दिलेले अधिकार वेगळे आहेत, त्यांचा मान राखूनही बाकी सगळीकडे हे करता येतं. दुसरी, वैयक्तिक मान्यतेच्या प्रस्तावासोबत कर्मचारी आणि संस्थेचे पदाधिकारी यांच्यातल्या नात्याचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं करावं आणि ते खोटं निघालं तर मान्यता रद्द व्हावी. तिसरी, ज्येष्ठता यादी, वेळापत्रक, तुकडीवाटप आणि बाहेरच्या कामांची यादी दरवर्षी शाळेच्या दर्शनी फलकावर लावावी. चौथी, मुख्याध्यापकपदाचं नकारपत्र शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या शिक्षकाला स्वतः समोर बसवून, संस्थेचं कुणीही हजर नसताना पडताळावं. पाचवी, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाची सेवापुस्तिका दोन वर्षं आधीच पडताळून शिक्षण विभागाकडे सुरक्षित ठेवावी, म्हणजे पेन्शनच्या धाकाने कुणाला मान खाली घालावी लागणार नाही.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. लागते ती इच्छा, आणि ती कमी पडते, कारण विधिमंडळात कायदे करणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःच शिक्षणसंस्था चालवतात. म्हणून माझी विनंती सरकारपेक्षा पालकांना अधिक आहे. आपल्या मुलाच्या शाळेत जा. फाटकाशी बिचकू नका. कुठल्या विषयाचे किती तास झाले आणि ते कुणी घेतले, हे विचारा. पालक सभेत उभं राहून विचारा, उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. त्या शिक्षकाचा पगार तुम्ही देता आहात, तेव्हा विचारण्याचा हक्क पहिल्यांदा तुमचा आहे.